फवारणीचे विष कातडीतून जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोळा आला की विदर्भात कपाशीवरच्या फवारणीला जोर चढतो आणि वर्तमानपत्रांत नेहमीची चौकट छापून येते : तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, उपाशीपोटी फवारू नका. या सूचना चुकीच्या नाहीत. पण त्या वाचून किंवा ऐकून मजुराचा समज असा होतो की, विष नाकातोंडातून आत जाते आणि दुपट्टा बांधला की आपण सुरक्षित झालो. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा बहुतांश वाटा कातडीतून जातो. बोटांतून, ओल्या पाठीतून, मांड्यांतून आणि जांघेतून. म्हणून या पत्रात दुपट्ट्याबद्दल फारसे न लिहिता हात, पाठ, पाय आणि रक्त यांच्याबद्दल लिहितो. हंगाम तोंडावर असताना ते छापून आले तर उपयोग होईल.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीचा उद्रेक होता आणि बाजारात बारीक तुषार उडवणारे स्वस्त पंप आले होते. पुढे शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली, पण तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि फवारणी जवळजवळ संपली होती. त्यानंतर मोहिमा निघाल्या, संरक्षक किट वाटली गेली. शेतात गेलात तर आजही तेच दृश्य दिसते : उघडे हात, चिंब पाठ, पायात स्लीपर.

कातडीचे गणित आधी समजून घेतले पाहिजे. पंपातून निघणारे बहुतेक थेंब फुप्फुसात खोलवर पोचण्याइतके बारीक नसतात. ते अंगावर बसतात. आणि सगळी कातडी सारखी शोषत नाही. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर माणसांमध्ये झालेल्या मोजणीनुसार, कोपराखालचा हात जेवढे शोषतो त्याला एक मानले, तर पोट दुप्पट, पंजाची मागची बाजू सुमारे अडीच पट, कपाळ चार पट, काख सात पट आणि वृषणाची कातडी जवळपास बारा पट शोषते. घामाने भिजलेली, पट्ट्याने सोललेली किंवा खाजवून लाल झालेली कातडी आणखी जास्त शोषते. आता पंपाच्या झाकणातून गळणारे द्रावण कुठून कुठे जाते ते पाहा. पाठीवरून कमरेपर्यंत, कमरेवरून चड्डीच्या नाडीपर्यंत आणि तिथून थेट जांघेत. दिवसभर तिथेच राहते. नाकावरचा दुपट्टा या वाटेवर काहीच करू शकत नाही. उलट तोच भिजला की ओठांवर आणि गालांवर विष दाबून धरतो.

सर्वांत मोठा धोका फवारणीच्या आधीच होऊन जातो, बाटली उघडताना. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारे तेलकट द्रावण) हे औषध १० लिटर पाण्यात २० मिली टाकतात. म्हणजे बाटलीतले औषध पंपातल्या पाण्यापेक्षा ५०० पट तीव्र असते. बाटलीतले एक मिली हातावर सांडले, तर पंपातले अर्धा लिटर पाणी हातावर ओतून घेतल्यासारखे आहे. बांधावर हे काम कसे चालते? ड्रमपाशी उकिडवे बसायचे, दातांनी किंवा विळ्याने सील फोडायचे, झाकणाने मोजायचे, झाकण बोटाने पुसायचे आणि कोपरापर्यंत हात घालून ड्रम ढवळायचा. काठी तिथेच पडलेली असते. हे सगळे मिनिटभरात उरकते आणि दिवसभराच्या फवारणीत हातांना जितके विष लागेल तितके त्या मिनिटात लागून जाते.

म्हणून ज्याला एकच वस्तू परवडते त्याने मास्कच्या आधी हातमोजे घ्यावेत. तेही नायट्राइल रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, जाडसर. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे मोजे ईसी औषधांतल्या तेलकट द्रावकाला फार वेळ रोखत नाहीत. कापडी आणि चामडी मोजे तर विष पिऊन घेतात आणि हाताला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा मोकळा हात बरा, निदान तो धुता येतो. मोजे काढण्याआधी ते हातातच असताना साबणाने धुवायचे, मग काढायचे. रोज थोडे पाणी भरून, हवा कोंडून बघायचे, पण तोंडाने फुंकून नाही : मनगटाकडून गुंडाळत आणायचे म्हणजे आतली हवा बोटांत जाते आणि भोक असेल तर तिथून पाणी टपकते. बाटलीचे तोंड, मोजपात्र आणि ढवळायची काठी धुतलेले पाणी ड्रममध्येच जावे. औषध ओतताना पोटावर प्लास्टिकचा ॲप्रन असावा, डोळ्यांवर साधा चष्मा. ड्रम अंगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवू नये.

मात्रेबाबत एक घोळ इतका पसरलेला आहे की त्यावर स्वतंत्र लिहिणे भाग आहे. शिफारस १० लिटर पाण्याची असते आणि पंप असतो १५-१६ लिटरचा. १० लिटरला २० मिली म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली. दोन-तीन झाकणे टाकून हा हिशेब जमत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या झाकणात वेगळे माप मावते. दुसरा घोळ तिप्पट मात्रेचा. शिफारशीच्या खाली एक ओळ असते : पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी. ही ओळ पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेच्या झोताने तुषार उडवणाऱ्या पंपासाठी आहे. तो एकरी पाणीच एक तृतीयांश वापरतो, त्यामुळे एकरी औषध तेवढेच राहते. बॅटरीचा चार्जिंग पंप हा त्या अर्थाने पॉवर पंप नाही. तो साध्या पंपाइतकेच पाणी टाकतो. त्यात तिप्पट टाकले तर एकरी औषध तिप्पट, खर्च तिप्पट आणि पाठीवर गळणारे पाणीही तिप्पट विषारी. खऱ्या पेट्रोल पंपातही एकरी मात्रा तीच राहिली तरी टाकीतले द्रावण तिप्पट तीव्र असते, हे तो पाठीवर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. कृषी विभागाने ती ओळ आता बदलावी. पंपाच्या नावाऐवजी ‘एकरी इतके मिली’ एवढेच लिहावे आणि शेजारी १६ लिटरच्या पंपाची मात्रा छापावी.

मिश्रणांचा प्रकार याहून गंभीर आहे. एकाच पंपात अळीचे, तुडतुड्याचे, बुरशीचे औषध, वर टॉनिक आणि विद्राव्य खत, असे चार-पाच जिन्नस टाकले जातात. कृषी केंद्रातून तसेच बांधून मिळते. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे आणि सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे एकत्र आली की जोर वाढतो, कारण पायरेथ्रॉइडचा निकाल लावणारी शरीरातली विकरे (एन्झाइम) पहिले औषध निकामी करून टाकते. अळीच्या शरीरात जे घडते तेच थोड्या प्रमाणात माणसाच्या शरीरात घडते. आणि रुग्ण दवाखान्यात आला की डॉक्टरला कळतच नाही की नेमके कोणत्या विषाशी लढायचे. लेबलवर जे मिश्रण छापलेले नाही ते करू नये. दुकानदाराने बिलावर औषधाचे व्यापारी नाव न टाकता त्यातला घटक आणि टक्केवारी लिहावी. उद्या तोच कागद दवाखान्यात कामाला येतो.

पंप तपासायला दहा मिनिटे लागतात. आदल्या संध्याकाळी टाकीत साधे पाणी भरा, झाकण घट्ट करा, दाब द्या आणि पंप कोरड्या जमिनीवर आडवा करून ठेवा. ओल दिसली की गळती सापडली. गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : झाकणाचा वॉशर, टाकीच्या तळाशी नळी बसते तिथला क्लॅम्प, ट्रिगरमधली ओ-रिंग आणि लान्सचा, म्हणजे फवारणीच्या दांडीचा, सांधा. वॉशर कडक होऊन चिरतो, तो दरवर्षी बदलावा. टाकी गळ्यापर्यंत भरू नये, चालताना पाणी उसळून झाकणातून बाहेर येते. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकणारे अजून आहेत. त्यांना हात जोडून विनंती की ते करू नका. तारेनेही टोचू नये, भोक मोठे होते, थेंब जाड पडतात आणि औषध पानावरून ओघळून जाते. जुना दात घासायचा ब्रश आणि पाणी पुरते. खिशात एक जादा नोझल ठेवले तर वावरात उभे राहून दुरुस्ती करावीच लागत नाही.

आता पऱ्हाटीतले चालणे. गुडघ्याएवढ्या पिकात लान्स पुढे धरून फवारत गेले तर नुकत्याच भिजवलेल्या पानांतूनच पुढे जावे लागते आणि मांड्या भिजतात. कंबरेच्या वर पीक गेले की पोट, छाती, कोपर सगळे घासते. उपाय जुना आहे पण पाळला जात नाही. वारा आडवा घ्यायचा. ज्या बाजूला वारा वाहतो आहे त्या कडेपासून फवारणीला सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीला वारा येतो त्या बाजूला सरकत जायचे. लान्स शरीरासमोर न धरता वारा जातो त्या बाजूला धरायची. म्हणजे अंग कायम न फवारलेल्या ओळीत राहते आणि तुषार पलीकडे जातात. पीक डोक्याएवढे झाले असेल तर पाठीवरच्या पंपाने त्यात शिरूच नये. अशा पिकात औषध खालच्या बोंडांपर्यंत पोचत नाही आणि फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र सगळे येते. जास्त वाढ होऊ न देणे, म्हणजे नत्र आटोक्यात ठेवणे आणि वेळेवर शेंडा खुडणे, हा सुद्धा विषबाधा टाळण्याचाच भाग आहे.

किटबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वाटलेली किट घरात लटकलेली दिसतात म्हणून मजुरांना बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, दमट पिकात, प्लास्टिकचा अंगभर कोट घालून १६ किलोचा पंप वाहणे माणसाला झेपत नाही, उष्माघात होईल. त्यापेक्षा जे झेपेल ते नेमके सांगावे. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, आणि पंप व पाठ यांच्यामध्ये खांद्यापासून कमरेखालपर्यंत येणारा प्लास्टिकचा तुकडा. गुडघ्याखाली गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेर, आत नाही. आत खोचली की पायावरून ओघळलेले बुटात साठते. डोक्यावर टोपी. सुती शर्ट थोडे शिंतोडे अडवतो, पण एकदा भिजला की तो कातडीवर विषाचा लेप होतो. म्हणून दुसरा कोरडा शर्ट वावरात हवाच. भिजला की तिथेच बदलायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही. आणि बांधावर २० लिटर स्वच्छ पाणी आणि कपड्याचा साबण. जो शेतमालक फवारणीला माणूस लावतो त्याने औषधाच्या आधी या दोन गोष्टी बांधावर पोचवाव्यात. काम सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवावे.

दोन पंपांच्या मध्ये खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) निघतो. त्याच बोटांनी तो मळला जातो, त्याच बोटांनी ओठात ठेवला जातो, आणि तोंडाचे अस्तर कातडीपेक्षा कितीतरी वेगाने शोषते. खर्रा सुटणे अवघड आहे हे मान्य, पण पुडी बांधावर न आणणे शक्य आहे.

फवारणीत स्त्रिया मोजल्या जात नाहीत, ही गोष्ट मला फार खटकते. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो म्हणून विषबाधेचा विचारही त्याच्याभोवती फिरतो. ड्रममध्ये पाणी आणून ओतणे, औषध मिसळणे, पंप भरून देणे ही कामे बहुतेक वेळा बाया करतात. म्हणजे ५०० पट तीव्र औषध त्यांच्या हातात असते. मोजे दिलेच तर फवारणाऱ्याला दिले जातात. संध्याकाळी भिजलेले कपडे त्याच धुतात, बऱ्याचदा घरच्या इतर कपड्यांसोबत. ते कपडे वेगळ्या घमेल्यात, मोजे घालून, साबण लावून दोन पाण्यांतून काढावेत आणि उन्हात वाळवावेत. गरोदर बाईने मिसळणीच्या जवळही थांबू नये. दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाणाऱ्या बायांच्या अंगालाही तीच पाने घासतात. फवारलेल्या वावराच्या तोंडाशी लाल फडके बांधायची पद्धत गावाने ठरवून घेतली तर फुकटात होणारे काम आहे.

आता रक्ताबद्दल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही औषधे शरीरातल्या कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला किंवा ग्रंथीला संदेश दिल्यावर तो संदेश पुसण्याचे काम हे विकर करते. ते बंद पडले की संदेश चालूच राहतात : लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, पोटात मुरडा, छातीत कफ भरणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, पापण्या आणि पोटऱ्या फडफडणे. कळीचा मुद्दा असा की, हे विकर एका दिवसात भरून येत नाही. तांबड्या पेशींतले विकर दिवसाला साधारण एक टक्क्याने सावरते. म्हणून सलग आठवडाभर फवारणाऱ्याची पातळी रोज थोडी खाली जात राहते आणि एक दिवस नेहमीचेच काम करताना तो कोसळतो. लोक म्हणतात, कालपर्यंत तर काही झाले नव्हते. त्याचे कारण हेच आहे. एकाच माणसाला सलग दिवस लावू नये, ही सूचना चौकटीत सर्वांत वर हवी.

सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी वाटतात : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे. लिंबूपाणी पिऊन, झाडाखाली पडून माणूस पुन्हा पंप उचलतो. फरक ओळखता येतो. उष्माघात झालेल्याचे अंग खूप तापलेले असते. विषबाधेत घाम चिंब, तोंडाला पाणी आणि बाहुल्या बारीक. शंका आली तरी काम तिथेच थांबवायचे. पंप उतरवा, सगळे कपडे काढा, चड्डीसकट. लाज बाळगायची ही वेळ नाही. साबण आणि भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. केस, नखे, काखा, जांघा विसरू नका. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. धुणाऱ्याने मोजे घालावेत. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये, उलटी करवू नये; शुद्ध हरपत असताना उलटी फुप्फुसात गेली तर त्यानेच माणूस जातो. डाव्या कुशीवर झोपवून १०८ बोलवा आणि बाटली लेबलसह सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो. तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या टेबलावर चिकटवलेला असावा.

यावर उतारा ॲट्रोपिन. स्वस्त, जुने, सगळीकडे मिळणारे औषध. पण त्याचे प्रमाण बघा. एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते. गंभीर रुग्णाला पहिला डोस ३ मिलिग्रॅमपर्यंत द्यावा लागतो, म्हणजे पाच ॲम्प्यूल. छातीतला कफ मोकळा झाला नाही तर दर पाच मिनिटांनी दुप्पट. पाच, मग दहा, मग वीस : पहिल्या दहा मिनिटांत पस्तीस ॲम्प्यूल, आणि त्यानंतर तासातासाला सलाइनमधून. फवारणीच्या पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात हंगामभर शंभर ॲम्प्यूल हा आकडा जास्तीचा नाही. डोस कुठे थांबवायचा हे बाहुल्यांवरून ठरवू नये. छाती स्वच्छ ऐकू येणे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर आणि काखा कोरड्या, ही खूण आहे. प्रॅलिडॉक्सिम हे विकर पुन्हा चालू करणारे औषध द्यायचे असेल तर लवकर. मोनोक्रोटोफॉसमध्ये निकामी झालेले विकर काही तासांतच कायमचे बंद होते, जिल्ह्याच्या गावाला पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आणि ॲट्रोपिन सगळ्यावर चालत नाही. फिप्रोनिलमध्ये झटके येतात, त्यावर झटक्यांचेच औषध लागते. पॅराक्वाट या तणनाशकाला उतारा नाही, आणि गरज नसताना दिलेल्या ऑक्सिजनने फुप्फुसे आणखी बिघडतात. बाटली सोबत न्या, हे म्हणूनच.

आणखी एक. पहिल्या दिवशी सावरलेला रुग्ण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान अचानक बिघडू शकतो. उशीवरून मान उचलता येत नाही, हे पहिले चिन्ह. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात. त्या वेळी कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. बरे वाटते आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी सोडणे किंवा नातेवाइकांनी कापूस वेचायचा आहे म्हणून सुट्टी मागणे, दोन्ही घातक आहे. चार दिवस रोज मान उचलायला लावून बघावे.

कोलिनएस्टरेजची तपासणी फार महागडी गोष्ट नाही. रक्तद्रवातले विकर नेहमीच्या बायोकेमिस्ट्री यंत्रावर मोजता येते, त्यासाठी लागणारे रीएजंट तेवढे आणावे लागते. अडचण अशी की निरोगी माणसांमध्येच ही पातळी खूप कमीजास्त असते; कुपोषण, यकृताचा आजार, गरोदरपण यांतही ती कमी दिसते. त्यामुळे आजारी पडल्यावर केलेली एकच तपासणी अर्धेच सांगते. हंगामाआधी, जुलैत, नियमित फवारणाऱ्यांचे एकदा रक्त घेऊन मूळ पातळी लिहून ठेवावी, मग महिन्याला एकदा. कॅलिफोर्नियात पातळी मुळापेक्षा २० टक्क्यांनी घसरली की कामाची पद्धत तपासतात. रक्तद्रवातली ४० टक्क्यांनी किंवा तांबड्या पेशींतली ३० टक्क्यांनी घसरली की माणसाला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांवर परतल्याशिवाय पुन्हा लावत नाहीत. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही वैद्यकीय तपासणीची आणि संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. ती कारखाने आणि व्यावसायिक फवारणी कंपन्यांच्या पलीकडे, कपाशीतल्या रोजंदार मजुरापर्यंत पोचलेली नाही. गावात नेहमी फवारणीला जाणारी माणसे कोण, हे आशाताई आणि कृषी सहायक दोघांनाही तोंडपाठ असते. त्यांची यादी करायला नवीन योजना लागत नाही.

ही माणसे पंपामागे पैसे घेतात. जितके पंप जास्त तितकी मजुरी, म्हणून गळका पंप दुरुस्त करायला, शर्ट बदलायला, हात धुवायला थांबणे त्यांना परवडत नाही. रोजावर, ठरलेल्या पंपांच्या मर्यादेत काम दिले तर निम्म्या सवयी आपोआप सुधारतील. दुसरी बाजू भरपाईची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशकाची विषबाधा येते, पण लाभ सात-बारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. दुसऱ्याच्या वावरात पंप उचलणारा भूमिहीन त्यात बसत नाही. सर्वाधिक विष ज्याच्या अंगावर येते तोच वगळला गेला आहे. ही त्रुटी शासन निर्णयातल्या एका दुरुस्तीने दूर होऊ शकते.

फवारण्या कमी करणे हा खरा उपाय, हे अर्थातच. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून टाकलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, तरी ऑक्टोबरमध्ये आठवड्याला फवारणी होते. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग दिसले तरच औषधाचा विचार करावा. रसशोषक किडींसाठी सुरुवातीला १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळीचा अर्क पुरतो.

रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळून, ते पाणी पंपात टाकून, बुडाला भोक पाडल्याशिवाय बांधावर ठेवू नयेत. २०१३ मध्ये बिहारमधील छपराजवळच्या शाळेत दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस मिसळलेले तेल गेले आणि २३ मुले दगावली. विषाच्या डब्यात खाण्याची वस्तू आणि खाण्याच्या भांड्याशेजारी विष, हे आपल्याही घरोघरी आहे. बाजेखाली, धान्याच्या कोठीमागे उरलेली अर्धी बाटली असते.

कृषी आयुक्तालय आणि आरोग्य विभागाकडे या हंगामापुरत्या तीन मागण्या. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे जास्त विषारी औषधाची, बाटली विकताना कृषी केंद्राने मिलीच्या खुणा असलेले मोजपात्र आणि नायट्राइल मोज्यांचे दोन जोड सोबत द्यावेत, एक फवारणाऱ्याला आणि एक मिसळणारीला. कपाशीच्या तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर ॲट्रोपिनचा शिल्लक साठा खडूने रोज लिहावा. आणि रक्ताची पहिली तपासणी पुढच्या वर्षी जुलैच्या आत व्हावी. यंदा उशीर झाला असला तरी जे पंप उचलत आहेत त्यांचे रक्त या पंधरवड्यात घ्यावे, कारण फवारणी अजून किमान दोन महिने चालणार आहे.

आपला,
एक निवृत्त कृषी अधिकारी
जि. यवतमाळ